कुंपणाला पीक येत नाही: हेज फंड, हळद आणि आपण

गेल्या आठवड्यात ओळखीचे एक गुरुजी घरी आले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वर्ष झालंय. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, रजेचे पैसे असं सगळं मिळून बऱ्यापैकी रक्कम बँकेत पडून आहे. हातात एक गुळगुळीत माहितीपत्रक. बसल्या बसल्या म्हणाले, "भाऊ, हे हेज फंड काय असतंय हो? पोरगं पुण्याहून रोज फोन करतंय. म्हणतंय, बाबा, मोठे लोक यातच पैसे ठेवतात. आता तसलंच दहा लाखांपासून निघालंय. बाजार पडला तरी हे पडत नाही म्हणे."

गुरुजींना मी चहाच्या आधीच उत्तर दिलं. गरज नाही. पण "गरज नाही" एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको. म्हणून त्यांना जे तासभर सांगितलं, तेच इथं लिहितोय. आपल्याकडं असे अनेक गुरुजी आहेत, आणि हळद विकून चार पैसे हातात आलेले शेतकरीही आहेत. पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा.

सुरुवात शब्दापासून. हेज म्हणजे कुंपण. हिंगोलीच्या माणसाला ही गोष्ट समजवायला अमेरिकेला जायची गरज नाही, हळदीच्या मोंढ्यात गेलं तरी पुरे. समजा, एका व्यापाऱ्यानं १४ हजार रुपये क्विंटलनं १०० क्विंटल हळद घेऊन गोदामात ठेवली. त्याला भीती आहे भाव पडायची. म्हणून तो वायदे बाजारात तेवढीच हळद पुढच्या महिन्याच्या भावानं विकून ठेवतो. पुढं भाव दोन हजारांनी पडला, तर गोदामात दोन लाखांचं नुकसान, पण वायद्यात साधारण दोन लाखांचा फायदा. भाव दोन हजारांनी चढला, तर उलटं. दोन्हीकडं हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो आणि व्यापाऱ्याला रात्री झोप लागते.

ही भीती खोटी नाही. २०१० मध्ये हळद १५ हजारांच्या वर गेलेली आपण पाहिली आणि २०१२ च्या सुरुवातीला ती ४ हजारांच्या आसपास आलेलीही पाहिली. ज्यांनी १५ हजारांच्या आशेवर ढेप धरून ठेवली, त्यांना विचारा.

पण यातली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. कुंपण पीक राखतं. कुंपणाला स्वतःला पीक येत नाही. कुणी म्हणालं की आमच्या कुंपणालाच शेतापेक्षा जास्त पीक येतं, तर समजायचं की ते कुंपण नाही, दुसरंच काहीतरी आहे.

हेज फंडाच्या इतिहासात नेमकं हेच घडलं.

गोष्ट १९४९ ची. आल्फ्रेड विन्स्लो जोन्स नावाचा माणूस. समाजशास्त्रात डॉक्टरेट आणि पेशानं पत्रकार. फॉर्च्यून मासिकात लिहायचा. (पत्रकारही पैसा कमावू शकतो याचं जगातलं हे दुर्मीळ उदाहरण!) त्यानं एक लाख डॉलर जमवले, त्यातले ४० हजार स्वतःचे. कल्पना साधी होती. जे शेअर चांगले वाटतात ते घ्यायचे आणि जे वाईट वाटतात ते उधार घेऊन आधी विकायचे.

हे उधार घेऊन विकणं काय असतं? शेजाऱ्याकडून एक क्विंटल सोयाबीन उसनं घेतलं आणि आज पाच हजाराला विकलं. महिन्यानं भाव साडेचार हजार झाला, तेव्हा बाजारातून घेऊन शेजाऱ्याला परत केलं. पाचशे सुटले. पण भाव सात हजार झाला तर? दोन हजार खिशातून गेले. दहा हजार झाला तर पाच हजार. घेतलेला माल फार तर शून्यावर येतो, उसना घेऊन विकलेला माल मात्र कुठवर चढेल याला माप नाही.

जोन्सनं दोन्ही बाजू धरल्या म्हणून बाजार वर गेला काय आणि खाली आला काय, त्याला फार फरक पडत नव्हता. त्यासोबत त्यानं कर्ज काढून गुंतवणूक वाढवली आणि नफ्यातला २० टक्के वाटा स्वतःसाठी ठेवला. १९६६ मध्ये फॉर्च्यूनमध्येच कॅरोल लूमिस यांनी त्याच्यावर लेख लिहिला आणि जोन्सची कमाई जगाला कळली. मग काय, जो उठला तो हेज फंड काढायला लागला. पण नकल करणाऱ्यांनी कुंपणाचा भाग बाजूला ठेवला आणि कर्ज व २० टक्के एवढंच उचललं. बाजार चढत असताना उसनं घेऊन विकायचं कशाला, असा हिशेब. १९६९-७० मध्ये बाजार पडला तेव्हा त्यातले कितीतरी फंड आडवे झाले. नावात कुंपण होतं, शेताला नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे आणि तो जोन्सच्याही ८५ वर्षं आधीचा आहे. तो आहे कापसाचा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. मग मुंबई बंदरातून हिंदुस्थानचा कापूस जायला लागला आणि भाव अस्मानाला भिडले. आपल्या शेजारच्या वऱ्हाडाचा कापूस त्यातच. (हिंगोली तेव्हा निजामाकडं, इथं फौजेची छावणी.) पैसा गावोगावच्या कापसातून आला आणि मुंबईत साचला. तिथं त्या पैशाला जागा पुरेना. रोज नवी कंपनी, रोज नवी बँक. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांच्या शब्दावर बाजार हलायचा. शेअर हातात नसताना पुढच्या तारखेचे सौदे व्हायचे. म्हणजे वायदेच. सगळ्यांचे डोळे १ जुलै १८६५ या तारखेकडं लागले होते, त्या दिवशी सौदे पुरे करायचे होते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापूस कोसळला, त्यामागं शेअर कोसळले आणि १ जुलैला देणेकऱ्यांकडं द्यायला काही नव्हतं. इतके लोक एकदम बुडाले की सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचं बहुतेक भांडवल धुऊन निघालं आणि काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. दिनशा वाच्छा यांनी या प्रकरणावर पुढं पुस्तकच लिहिलं. प्रेमचंद रायचंदही बुडाले, पण पुन्हा उभे राहिले. मुंबईचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं उभा आहे.

ज्यांनी शेवटच्या सहा महिन्यांत घरातला डाग विकून शेअर घेतले, त्यांच्या नावाचा टॉवर कुठंही नाही.

शेतात शिरायचं फाटक मोठं असतं आणि सगळ्यांसाठी उघडं असतं. बाहेर पडायचं फाटक लहान असतं आणि तिथं आधी कोण पोचणार हे आधीच ठरलेलं असतं. हेज फंडाचा प्रश्न नफ्यापेक्षा या फाटकाचा जास्त आहे.

याचं आपल्या पिढीला आठवणारं उदाहरण म्हणजे युनिट ६४. ही हेज फंडाची गोष्ट नाही, उलट सामान्य माणसासाठीच काढलेली योजना. १ जुलै १९६४ ला सुरू झाली. दहा रुपयांचं युनिट, सरकारी वजन आणि दरवर्षी न चुकता लाभांश. शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, पेन्शनर सगळ्यांच्या कपाटात त्याची प्रमाणपत्रं. पण युनिटचा भाव बाजारातल्या खऱ्या किमतीवरून ठरत नव्हता, संस्थाच तो ठरवायची. आत काय आहे हे बाहेरच्याला दिसत नव्हतं. १९९८ मध्ये पहिल्यांदा कळलं की गंगाजळी उणे झाली आहे. तेव्हा सावरासावर झाली.

मग आलं २००१. एप्रिल आणि मे या दोनच महिन्यांत या योजनेतून चार हजार कोटींहून अधिक रक्कम काढली गेली, त्यात मोठा वाटा कंपन्यांचा. आणि २ जुलै २००१ ला जाहीर झालं की सहा महिने युनिटची खरेदी-विक्री बंद. सुमारे दोन कोटी गुंतवणूकदार आत. पुढं छोट्यांसाठी ३,००० युनिटपर्यंत दहा रुपयांपासून परतीची सोय झाली, सरकारनं भार उचलला, नंतर रोखे दिले. पण २००१ संपताना खरी किंमत बाहेर आली तेव्हा ती सहा रुपयांच्याही खाली होती. कंपन्यांना वेळेवर कळलं आणि गुरुजींच्या पिढीला दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळलं. तोवर फाटकाला कुलूप लागलेलं होतं.

आता परत हेज फंडाकडं येऊ. तिथं तर हे फाटक करारातच लिहिलेलं असतं. पैसे ठरावीक काळ काढता येत नाहीत, काढायचे तर आधी सूचना द्यायची आणि अडचणीच्या वेळी फंड परतफेड थांबवू शकतो. २००८ च्या जागतिक मंदीत अनेक हेज फंडांनी हेच केलं. सगळ्यात जास्त गरज होती तेव्हाच फाटक बंद.

हुशारी कमी पडली असं म्हणावं, तर १९९८ ची गोष्ट बघा. एलटीसीएम नावाच्या हेज फंडात मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे दोघं भागीदार होते. त्यांना आदल्याच वर्षी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेलं. रशियानं कर्ज बुडवलं आणि या फंडाचं गणित काही महिन्यांत कोसळलं. कर्ज एवढं होतं की अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला मोठमोठ्या बँकांना एका खोलीत बसवून ३६० कोटी डॉलरच्या वर रक्कम उभी करायला लावावी लागली. नोबेलवाल्यांच्या मदतीला बँका धावल्या. तुमच्या-माझ्या मदतीला कोण धावणार?

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. हेज फंड म्हणजे फसवणूक नव्हे. २००८ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार साधारण ३७ टक्के पडला, तेव्हा हेज फंड सरासरी १९ टक्के पडले. म्हणजे कुंपणानं काही पीक राखलं, हे खरं आहे. ज्या पेन्शन ट्रस्टकडं किंवा विद्यापीठाकडं हजारो कोटी आहेत, ज्यांना दहा वर्षं पैसे लागणार नाहीत आणि करार वाचायला ज्यांच्याकडं वकील आहेत, त्यांनी पाच-दहा टक्के तिथं ठेवले तर त्यात चूक नाही.

पण "पडत नाही म्हणे" आणि "कमी पडतं" यात फरक आहे. १९ टक्के म्हणजे दहा लाखांतले एक लाख नव्वद हजार.

आणि राखणीची किंमत किती? हेज फंडाची जुनी पद्धत म्हणजे दरवर्षी रकमेच्या २ टक्के फी आणि वर नफ्यात २० टक्के वाटा. समजा, एक कोटी ठेवले आणि फंडानं १२ टक्के कमावले. झाले १२ लाख. दोन लाख फी गेली. उरलेल्या दहा लाखांतले दोन लाख नफ्याचा वाटा. तुमच्या हातात आठ लाख, त्यावरचा कर वेगळा. म्हणजे पैसा तुमचा, धोका तुमचा आणि कमाईतला तिसरा हिस्सा त्यांचा. नुकसान झालं तर? नुकसान तुमचं, दोन लाखांची फी तरीही त्यांची. कुंपणानंच शेत खाल्लं ही म्हण आपल्याकडं उगाच नाही.

याचा एक जाहीर कस लागला. वॉरन बफे यांनी २००८ च्या सुरुवातीला दहा लाख डॉलरची पैज लावली. पैशाची देणगी होणार होती, प्रश्न प्रतिष्ठेचा होता. एका बाजूला अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा साधा इंडेक्स फंड. दुसऱ्या बाजूला जाणकारांनी निवडलेले पाच फंड, ज्यांच्या पोटात शंभराहून अधिक हेज फंड. दहा वर्षांनी, २०१७ च्या अखेरीस, साधा इंडेक्स फंड सुमारे १२६ टक्के वाढला होता. समोरच्या पाचांतला सगळ्यात चांगला सुमारे ८८ टक्के आणि सगळ्यात वाईट तीन टक्क्यांच्याही आत. दहा वर्षांत तीन टक्के! आणि पैज सुरू झाली तीच २००८ च्या पडझडीत, म्हणजे पहिलं वर्ष हेज फंडांच्याच सोयीचं होतं.

आपल्या देशात सेबीनं २०१२ मध्ये पर्यायी गुंतवणूक फंडांचे नियम केले. हेज फंड तिसऱ्या गटात येतात आणि कमीत कमी गुंतवणूक एक कोटी. पोर्टफोलिओ मॅनेजमेंटला ५० लाख. लोकांना वाटतं, ही श्रीमंतांची सोय, गरिबाला बाहेर ठेवलंय. उलटं आहे. बुडालं तरी ज्याची चूल विझणार नाही त्यालाच आत सोडा, असा त्या एक कोटीचा अर्थ. तो मान नाही, इशारा आहे.

१ एप्रिल २०२५ पासून मधला एक प्रकार आलाय, स्पेशलाइज्ड इन्व्हेस्टमेंट फंड. किमान दहा लाख. म्युच्युअल फंड कंपन्याच चालवतात आणि त्यांना वायद्यांतून शेअर पडण्यावरही काही मर्यादेत पैसे लावता येतात. गुरुजींच्या हातातलं माहितीपत्रक याचंच होतं. हा प्रकार कायदेशीर आहे, सेबीची नजर आहे, हेज फंडासारखी नफ्यात भागी नाही. पण तो आत्ताच सुरू झालाय. एक मोठी पडझड आणि एक मोठी गर्दी फाटकाशी आल्याशिवाय तो कसा वागतो हे कुणालाच कळणार नाही. ती परीक्षा गुरुजींच्या ग्रॅच्युइटीवर का व्हावी?

आता पुण्याच्या पोरासाठी एक आकडा. सेबीच्या अहवालाप्रमाणे २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या सामान्य लोकांपैकी १०० तले ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा सुमारे १.८१ लाख कोटी रुपये. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यात. आणि यातले ७० टक्क्यांहून अधिक लोक देशातल्या मोठ्या ३० शहरांच्या बाहेरचे, म्हणजे तुम्ही-आम्ही. त्याच बाजारात २०२३-२४ या एका वर्षात स्वतःच्या पैशानं व्यवहार करणाऱ्या संस्थांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी फंडांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले, बहुतेक संगणकी प्रोग्रॅम लावून. मोबाईलवर बोट फिरवणाऱ्या पोराच्या समोर कोण बसलंय हे यावरून ओळखा.

आणि जे शेअर बाजाराला हात लावत नाहीत, ते सुरक्षित आहेत असंही नाही. ज्ञानराधा मल्टिस्टेटची जखम मराठवाड्यात अजून ओली आहे. ईडीच्या म्हणण्याप्रमाणे १२ ते १४ टक्के व्याजाचं आश्वासन देऊन ठेवी घेतल्या गेल्या. प्रकरण न्यायालयात आहे आणि ठेवीदार वाट बघतायत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, मल्टिस्टेट पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. हे ठेव ठेवताना किती जणांना माहीत होतं?

हेज फंड, युनिट, मल्टिस्टेट, बॅक बेचा शेअर. चारही वेगळे. काही कायदेशीर, काही नाही. पण विकताना वाक्य एकच: जास्त मिळेल आणि धोका कमी.

मग कुंपण नकोच का? हवं. पण ते आपल्याकडं आधीपासून आहे, आपण त्याला कुंपण म्हणत नाही एवढंच. सोयाबीनच्या चार-सहा ओळींनंतर तुरीची ओळ लावणारा शेतकरी हेजच करतो. पावसानं सोयाबीन मारलं तरी तूर जानेवारीत हात देते. सगळी हळद एकाच दिवशी न विकणारा, दारात दोन शेळ्या बांधणारा, दोघंही हेजच करतात. फी शून्य, करार नाही आणि गरज पडली तर शेळी बाजाराच्या दिवशी विकता येते.

गुरुजींना म्हटलं, तुमचं कुंपण तर सगळ्यात भक्कम. नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलात, जुनी पेन्शन आहे आणि महागाई वाढली की भत्ता वाढतो. असं कुंपण कुठला हेज फंड देतो? उरलेल्या पैशातून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, २०२३ पासून व्याज ८.२ टक्के आहे. वर्षभराचा खर्च आणि दवाखान्याचे पैसे बँकेत हाताशी ठेवा. त्यानंतरही हौस असेल तर थोडी रक्कम साध्या इंडेक्स फंडात, तीही सात-आठ वर्षं लागणार नाही अशीच. पोराला पेन्शन नाही, त्याचा हिशेब वेगळा. त्यानं आधी मुदतीचा विमा घ्यावा, मग दरमहा इंडेक्स फंडाची एसआयपी करावी. हेज फंडाची घाई त्यालाही नाही.

आणि कुणीही माहितीपत्रक घेऊन आलं तर तीन प्रश्न विचारा. पैसे हवे तेव्हा किती दिवसांत परत मिळतील आणि ते थांबवायचा अधिकार कुणाला आहे? हा नफा नेमका कुणाच्या खिशातून येतो? आणि मी यात पैसे टाकले तर तुम्हाला किती मिळतात? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळला, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

गुरुजी जाताना म्हणाले, "भाऊ, हे सगळं मला पटलंय. पण पोराला कसं सांगू? तो म्हणतो, बाबा, तुम्ही जुन्या काळातले."

म्हटलं, १ जुलै १८६५ ची गोष्ट सांगा. तीही जुन्याच काळातली आहे.

माहितीपत्रक माझ्याच टेबलावर विसरून गेले. विसरले की ठेवून गेले, ते विचारलं नाही.

तुमच्याकडंही असं कुणी आलं असेल तर खाली लिहा. नाव लिहू नका, अनुभव लिहा. पटलं तर शेअर करा, कुणाची तरी ग्रॅच्युइटी वाचेल.